शंभर दिवस, सहाशे रुपये : एका राज्याच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार. दिवस १

काल रात्री सगळे झोपल्यावर प्ले स्टोअरची ऑर्डर हिस्टरी उघडली आणि फोनवरच्या राज्य वाढवायच्या खेळातल्या जानेवारी ते एप्रिलच्या खरेद्या वहीत उतरवून काढल्या. ८९ रुपयांच्या ३८, १७९ च्या १७, ४४९ च्या ४, ८९९ च्या २. बेरीज १०,०१९ रुपये. तीनदा केली, तेवढीच आली.

मी तुर्भ्याच्या मसाला मार्केटात एका सुकामेव्याच्या पेढीवर हिशेब लिहिते. खतावणीत चाळीस रुपयांचा फरक राहिला तर घरी पोळ्या लाटतानाही डोक्यात तोच असतो. आणि माझ्या स्वतःच्या फोनमधून चार महिन्यांत दहा हजार गेले ते मला जाणवले नाहीत, कारण एकदम गेले नाहीत. ८९-८९ करून गेले.

खेळ सोडायचा नाहीये, हे आधीच लिहून ठेवते. दोन वर्षं हे राज्य वाढवलंय. शेती, खाणी, तटबंदी, सैन्य, सगळं एकेक पायरी चढवत आणलंय. आमच्या अलायन्समध्ये, म्हणजे खेळातल्या गटात, चौसष्ट माणसं आहेत, त्यातली निम्मी मराठी. साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर रोज सकाळी सहाला ‘शिल्ड बघा रे’ असा मेसेज टाकतात. शिल्ड म्हणजे ते असेपर्यंत शहरावर हल्ला होऊ न देणारं कवच. हे सगळं मला हवंय. फक्त ते किती रुपयांत, हे मी ठरवणार आहे, दुकानातलं बटण नाही.

म्हणून प्रकल्प. आजपासून १०० दिवस, म्हणजे २२ सप्टेंबरपर्यंत. मर्यादा ६०० रुपये. वहीत रोज चार रकाने: रुपये, जेम्स (खेळातलं चलन), मिनिटं आणि मोह. शेवटच्या रकान्यात बोट खरेदीच्या बटणापर्यंत कधी गेलं आणि तेव्हा नेमकं काय चाललं होतं, ते लिहायचं.

आजची शिल्लक: किल्ला लेव्हल १७, बिल्डर (बांधकाम करणारा गडी) १, जेम्स ६४०.

१६ जून, सोमवार

प्ले स्टोअरमध्ये महिन्याचं बजेट लावायची सोय आहे. लावलं. मग नीट वाचलं तेव्हा कळलं की ते फक्त सूचना देतं, खरेदी अडवत नाही. ज्याला अडवून हवंय त्याच्या ते कामाचं नाही.

माझी आई पगाराच्या दिवशी दूध, पेपर, भाजी, लाइटबिल अशी पाकिटं करायची. भाजीचं पाकीट रिकामं झालं की घरात मटकीची उसळ व्हायची, दुधाच्या पाकिटाला हात लागायचा नाही. तेच केलं. खात्यातून यूपीआय आणि कार्ड दोन्ही काढून टाकलं. पाचशेचा एक आणि शंभरचा एक असे रिचार्ज कोड विकत घेऊन प्ले बॅलन्समध्ये भरले. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग केलं. आता ६०० संपले की पुढचा रुपया द्यायला मला मुद्दाम उठून काहीतरी करावं लागेल. एवढा अडथळा पुरेल असं वाटतंय.

१९ जून, गुरुवार

आज भाव काढला. हे काम मी दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

८९ रुपयांच्या पॅकमध्ये २५० जेम्स, म्हणजे एक जेम साधारण ३६ पैशांना. आमच्या खेळात बांधकामाचा एक तास कमी करायला २५ जेम्स लागतात. म्हणजे ८९ रुपयांत दहा तास. मी चार महिने तास विकत घेत होते, आणि ते कुठले तास होते हे जुन्या ऑर्डरींच्या वेळा बघून शोधलं. बहुतेक खरेद्या रात्री अकरा-साडेअकराच्या. म्हणजे विकत घेतलेल्या दहा तासांतले सात मी झोपेत काढणार होते आणि उरलेले तीन डबा, गाडी आणि पेढीत. जे तास आपोआप जाणारच होते, त्यांचे पैसे दिले.

मुलगा चौदाचा आहे, क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळतो. जेवताना त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आई, छोटा वेळ सगळ्यात महाग असतो, तुला माहीत नाही?” मग त्याने तोंडपाठ कोष्टक सांगितलं. त्यांच्याकडे एक मिनिट संपवायला १ जेम, एक तास २०, एक दिवस २६०, एक आठवडा १०००. मी ताटाशेजारी वही ठेवून भागाकार केला. आठवड्याच्या कामात तास पडतो सहा जेम्सना, दिवसाच्या कामात अकराला, एकट्या तासाला वीस, आणि मिनिटामिनिटाने घेतला तर साठला. किरकोळ आणि घाऊक भावातला फरक मी रोज लिहिते, पण इथे तो दिसला नव्हता. ‘आता दहाच मिनिटं राहिलीत, संपवून टाकू’ हा सगळ्यात महागडा सौदा आहे.

त्याने आजवर एक रुपया घातलेला नाही. तिसरा बिल्डर ५०० जेम्सचा, चौथा १००० चा, पाचवा २००० चा, तिन्ही त्याने फुकटच्या जेम्समधून घेतले. गावात उगवलेली झुडपं आणि दगड काढले की शून्यापासून सहापर्यंत जेम्स मिळतात, आणि अधूनमधून एक जेम बॉक्स उगवतो, त्यात २५. तो शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी एक झुडूप तोडतो. मला ते पोरकट वाटायचं. साडेतीन हजार जेम्स त्याने असे एकेक झुडपाने जमवलेत.

आजपासून नियम: लांबचं बांधकाम रात्री झोपताना लावायचं, बारीकसारीक सकाळी. जेम्स तासावर खर्च करायचे नाहीत. ते फक्त दुसऱ्या कायमच्या बिल्डरसाठी. भाव ४५०० जेम्स.

२८ जून, शनिवार

मोहाचा रकाना दोन आठवड्यांनी वाचला. एकूण अकरा नोंदी. त्यातल्या सात संध्याकाळच्या गाडीत, तुर्भे ते ठाणे. चार रात्री साडेअकरानंतर. सकाळच्या गाडीत एकही नाही.

सकाळी ठाण्याला नऊ नंबरवर गाडी लागते, बसायला मिळतं, डोकं ताजं असतं. संध्याकाळी दिवसभराची जमा-नावं जुळवून निघते, घणसोली-रबाळेपर्यंत दाराशी उभी असते, आणि तेवढ्यात स्क्रीनवर लाल पट्टी येते, ‘फक्त ४९ मिनिटं’. दमलेल्या माणसाला ‘हे एक तरी आज पूर्ण होऊ दे’ असं वाटतं. ते वाटणं खरं आहे, त्यात लाज नाही. पण त्याच्यावर कोणीतरी भाव लावून बसलंय.

सोमवारपासून संध्याकाळच्या गाडीत खेळ उघडणार नाही.

६ जुलै, आषाढी

साबुदाण्याची खिचडी, दुपारी झोप, आणि पहिली खरेदी. महिन्याचं कार्ड, १७९ रुपये. लगेच २०० जेम्स, मग तीस दिवस रोज ४०. एकूण १४००, म्हणजे जेम पावणेतेरा पैशांना. ८९ च्या पॅकपेक्षा जवळपास एक तृतीयांश भाव. तीन दिवस विचार करून घेतलं. आपोआप नूतनीकरण नाही ना, हे दोनदा तपासलं. बॅलन्स ४२१.

१९ जुलै, शनिवार

पहाटे पाच पन्नासला लिहितेय.

काल रात्री शिल्ड लावायचं राहिलं. नणंद आली होती, गप्पांत बारा वाजले. दीड वाजता हल्ला झाला, अडीचला दुसरा, तीनला रॅली, म्हणजे अनेकांनी मिळून केलेला हल्ला. सकाळी उठले तर शहर जळत होतं. एक लाख चाळीस हजार सैन्य होतं. इस्पितळात पंचेचाळीस हजारांची जागा. त्यावरचे जखमी मेले. ६२,००० सैनिक कायमचे गेले. कोठारात जेवढं सुरक्षित राहतं तेवढं सोडून उघड्यावरचं सगळं धान्य आणि लाकूड लुटलं.

आणि त्या धुराच्या चित्रावरच पॅक उघडलं. पुनर्बांधणी, ८९९ रुपये, खाली उलटी मोजणी. बॅलन्स ४२१. यूपीआय पुन्हा जोडायला दोन मिनिटं लागली असती. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, पुन्हा उघडला. सेटिंगमध्ये गेले. ‘पेमेंट पद्धत जोडा’ एवढं लिहिलेलं बघत उभी राहिले. दूध उतू गेलं. ओटा पुसला आणि फोन हॉलमध्ये ठेवून आले.

मोह: पाच वेळा, पाच पन्नास ते साडेसात.

त्याच दिवशी, रात्री १०

हिशेब केल्याशिवाय झोप लागली नसती. ६२,००० सैन्य पुन्हा उभं करायला माझ्या बराकींना नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत मला काय करता येणार नाही? रॅलीत मोठी तुकडी पाठवता येणार नाही. बाकी शेती चालू, बांधकाम चालू, संशोधन चालू. नऊ दिवस रॅलीत मागे उभं राहायचं, त्याचा भाव ८९९. असा लिहिल्यावर तो मी देणार नाही, हे कळलं.

पिशवीत बंद ठेवलेलं धान्य कोणाला लुटता येत नाही, फक्त उघडलेलं लुटलं जातं. हे मला माहीत होतं. तरी मी आठवड्यापूर्वी सगळी पोती उघडून ठेवली होती, आकडा मोठा दिसावा म्हणून. पुढे लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच उघडायचं.

आणखी एक नोंद. संध्याकाळी तेच पॅक पुन्हा आलं, ४४९ ला. सकाळी ‘शेवटची संधी’ लिहिलं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

आजची नोंद मोठी आहे, कारण पैशाचं खरं मूळ मला इथे सापडलं असं वाटतं.

आमच्याकडे कोणी पॅक घेतलं की अलायन्समधल्या प्रत्येकाला एक छोटी पेटी मिळते. चॅटमध्ये नाव झळकतं, खाली चाळीस अंगठे. आज आमच्या आर फोरने, म्हणजे अलायन्समधल्या एका पदाधिकाऱ्याने, लिहिलं, “उद्या इव्हेंटचा शेवट आहे, प्रत्येकाने फक्त ८९ चं एक घ्या, आपण पहिल्या तिनात येतो.” तो मुलगा चांगला आहे, रात्र-रात्र जागून नव्या लोकांना शिकवतो. त्याला यातून एक पैसा मिळत नाही. तरीही त्याने आमच्याकडून दुकानाचं काम करून घ्यायला सुरुवात केली होती, आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

जानेवारी ते एप्रिलमध्ये मला तिथे ‘दानशूर ताई’ म्हणायचे. ६१ पॅक, ६१ वेळा चौसष्ट माणसांना पेट्या. ते नाव मला आवडायचं. हे लिहायला जड जातंय, पण वहीत खोटं लिहायचं नाही. पेढीवर मला कोणी नावाने हाक मारत नाही. ‘हिशेबवाल्या बाई’ म्हणतात. इथे एकोणनव्वद रुपयांत चाळीस माणसं थँक्यू म्हणायची.

मी आर फोरला खाजगीत लिहिलं. पैसे घालणार नाही, पण काम सांग, करते. त्याने विचारलं, “ताई, म्हणजे काय काम?” मग मीच सुचवलं. गेल्या महिन्यात आपल्यातल्या अकरा जणांची शहरं रात्री जळली, सगळी शिल्ड विसरल्यामुळे. मी पाळीपत्रक बनवते. रात्री अकरा, दोन आणि पहाटे पाच, प्रत्येक पाळीला जो जागाच असतो असा एक माणूस. एक जण नाइट शिफ्टला असतो, एकाचं लहान बाळ आहे, मास्तर पहाटे उठतातच. ज्याचं शिल्ड उतरलंय त्याला फोन करायचा.

दोन तासांत पत्रक तयार करून टाकलं. (रविवारी रात्री जोडलेली ओळ: आम्ही पहिल्या तिनात आलो नाही, पाचवे आलो.)

५ ऑगस्ट, मंगळवार

महिन्याचं कार्ड संपलं. पुन्हा घेणार नाही. रुपयांच्या रकान्यात ते स्वस्त आहे, पण मिनिटांचा रकाना बघितला. जूनमध्ये सरासरी ३८ मिनिटं, जुलैत ६७. रोजचे चाळीस जेम्स घ्यायला रोज उघडायचं, आणि उघडलं की दोन मिनिटांत बंद होत नाही. जवळजवळ अर्धा तास रोज वाढला. पेढीवर ओव्हरटाइमच्या अर्ध्या तासाला मी किती मागते ते मला माहीत आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही. गाड्या विस्कळीत, मार्केटात पाणी, शेठनी येऊ नका म्हणून कळवलं. सोसायटीच्या गेटाशी घोटाभर पाणी. असा दिवस हातात फोन घेऊन जाणार हे सकाळीच ओळखलं आणि वेळ बांधून घेतली, दुपारी चार ते पाच.

सव्वाचारला बदलापूरच्या मुलाचा मेसेज आला. अलायन्समध्ये वर्षभर आहे, वय तेवीस, ठाण्यात एका दुकानात नोकरीला. “ताई, तुम्ही हिशेबाचं काम करता ना? एक विचारू?” मग बराच वेळ काहीच नाही. मीच फोन केला.

त्याने जूनपासून कालपर्यंत २२,४०० रुपये घातले होते. पगार सोळा हजार. ‘आत्ता घ्या, नंतर भरा’वाल्या उधारीवर. हप्ता चुकला, दंड लागला, घरी सांगितलेलं नाही. बोलताना मध्येच म्हणाला, “ताई, मी दारू पीत नाही, काही नाही. फक्त हेच.” मला काय बोलावं सुचेना. त्याला म्हटलं, वही घे. नाहीतर कुठलाही कागद घे, पण फोनवर लिहू नकोस. मी सांगते तसे रकाने पाड.

दीड तास लागला. प्रत्येक ऑर्डर त्याने मोठ्याने वाचली, मी इकडे लिहिली, तो तिकडे. चाळिसाव्या ओळीच्या आसपास त्याचा आवाज बदलला, हळू झाला. दोन खरेद्या कालच्याच होत्या. अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्ले स्टोअरकडे परताव्याची मागणी करता येते. मिळेलच असं नाही, पण करता येते. दोन्हींसाठी अर्ज भरायला लावला. मग आधी दंडवाली उधारी, मग बाकी, असा फेडीचा चार महिन्यांचा तक्ता काढून दिला. घरी सांग, असंही म्हटलं. “बाबा मारतील,” म्हणाला. म्हटलं, आधी आईला सांग.

फोन ठेवला तेव्हा सहा वाजून गेले होते.

२३ ऑगस्ट, शनिवार

चॅटमध्ये दोन दिवस एकच विषय. ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संसदेत मंजूर झाला, काल राष्ट्रपतींची सहीही झाली. “आपला गेम बंद होणार का?”

मी वाचलं त्यावरून त्यांना सांगितलं. बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेवर चालणाऱ्या खेळांवर. आपल्या खेळात पैसे घालता येतात, पण परत काहीच मिळत नाही, मिळायची आशाही नाही. त्यामुळे तो त्या बंदीत बसत नाही. कोणीतरी हुश्श लिहिलं. मला हुश्श वाटलं नाही. बाहेरून कोणी आपला हात धरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मास्तरांनी मग २०२० ची आठवण काढली. २९ जूनला ५९ अॅपवर बंदी आली त्यात क्लॅश ऑफ किंग्ज होता, २ सप्टेंबरला ११८ वर आली त्यात राइज ऑफ किंगडम्स. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं किल्ले चढवले त्यांचं सगळं एका दिवसात हातचं गेलं. मास्तर म्हणाले, “तटबंदी आपली नव्हतीच कधी. माणसं आपली होती, ती इकडे आली.” आमच्यातले सहा जण तेव्हापासून एकत्र आहेत.

बदलापूरच्या मुलाचा मेसेज: दोनपैकी एका खरेदीचे ८९९ परत आले. आईला सांगितलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाचे गणपती. तीन दिवसांचं शिल्ड लावून फोन कपाटावर ठेवला होता. मासुंदा तलावाजवळच्या हौदात विसर्जन करून आत्ता आलो. घर रिकामं वाटतंय. मिनिटं: ०, ०.

७ सप्टेंबर, रविवार

काल रात्री जेम्स ४५६०. जुने ६४०, कार्डाचे १४००, बाकी २५२० रोजच्या कामांतून, दिवसाला सरासरी तीस.

मुलाला शेजारी बसवलं आणि दुसरा बिल्डर घेतला. ४५०० गेले, ६० राहिले. दुसरा हातोडा शेतावर पडायला लागला तेव्हा तो म्हणाला, “आई, हा आता कायमचा.” एप्रिलमध्ये ८९९ देऊन जे घेतलं होतं ते काय होतं, हे मला आठवतही नाही. हा बिल्डर कुठल्या दिवशी कितीने पुढे आला ते वहीत पानापानावर आहे.

पाळीपत्रकाचा पहिला महिना: जळालेली शहरं दोन. आर फोरने काल ‘८९ चं घ्या’ असं लिहिलं नाही. त्याऐवजी पहाटे पाचच्या पाळीला माणूस हवा, असं लिहिलं.

२२ सप्टेंबर, सोमवार. दिवस १००

आज घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर एकाच दिवशी. बदाम-पिस्ते बारावरून पाचवर आले. शनिवारपासून प्रत्येक वस्तूचा दर सॉफ्टवेअरमध्ये बदलत होतो. आज सकाळपासून गिऱ्हाईक विचारतंय, जुन्या मालाचं काय. साडेआठला पेढीवरून निघाले. गाडीत फोन काढला नाही. टेंभी नाक्याच्या बाजूला रस्ते माणसांनी भरलेले, रिक्षा मिळाली नाही, चालत घरी.

वही:

रुपये: १७९. प्ले बॅलन्स ४२१, तो तसाच राहू दे.
किल्ला: १७ वरून २१.
मिनिटं: सप्टेंबरची सरासरी २९.
मोह: एकूण ४३. पहिल्या महिन्यात २४, शेवटच्यात ३.

बदलापूरचा मुलगा आज रात्री दोनच्या पाळीला आहे. पहिला हप्ता भरल्याची पावती त्याने मला पाठवली, मी तारीख टाकून त्याच्या पानाला लावली.

किल्ल्याचं २२ वं लेव्हल आत्ता साडेदहाला लावलं. ९ दिवस १४ तास. मुलाने बोटं मोजून सांगितलं, २ ऑक्टोबर, दुपारी साडेबारा. दसरा.